लेकीच्या सासरची दिवाळी



एरवी मी तुमच्याशी बोलतो ते बियाणे, खत आणि कीड यांविषयी. आज मात्र घरातली गोष्ट सांगणार आहे. सांगावी की नाही याचा पुष्कळ विचार केला. पण अशी गोष्ट आता खेड्यापाड्यांतील घरांतही घडू लागली आहे. माझ्या हातून जी चूक झाली ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून लेखणी हाती घेतली.

माझी थोरली लेक दुग्धशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या विद्यापीठात गेली. बरोबर शिकणाऱ्या एका मुलाशी तिने २०१७ साली लग्न केले. मुलगा शेतकऱ्याचा, कष्टाळू, निर्व्यसनी. नापसंत करावे असे त्याच्यात काही नव्हते. तो आपला नव्हता, एवढेच. मी लग्नाला गेलो नाही. 'रजा मिळत नाही' असे चारचौघांत सांगितले. खरे म्हणजे रजेचा अर्जच मी केला नव्हता. २०१९ साली बाळंतपणासाठी सौ. एकटी गेली आणि एकटी आली. मी तिला विमानतळावर पोहोचविले, तेवढेच.

गावी गेलो की पारावरची मंडळी विचारीत, "भाऊसाहेब, पोरगी आता दिवाळी करते की नाताळ?" विचारण्यात कुचेष्टा नसे. पण मी विषय बदलून पाऊसपाण्याकडे वळत असे, कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हते. अखेर २०२३ साली, निवृत्तीला एक वर्ष उरले असताना, परदेशी जाण्याची रीतसर परवानगी काढली, महिन्याची रजा घेतली आणि दिवाळीच्या तोंडावर आम्ही उभयता निघालो.

शिकागोला विमानातून उतरायचे आणि तेथून मोटारीने वायव्येकडे चार-पाच तास जायचे. विस्कॉन्सिन हे दुधाचे राज्य. तिथल्या मोटारींच्या नंबराच्या पाटीवरच 'अमेरिकेची दूधभूमी' अशा अर्थाचे शब्द असतात. चीज करण्यात तर हे राज्य त्या देशात पहिले आहे. रान सपाट असेल अशी माझी कल्पना होती. पण कून व्हॅली नावाच्या खोऱ्यात शिरलो आणि आपल्याकडच्या डोंगरपट्ट्याची आठवण झाली. टेकड्यांच्या अंगावरून वळणावळणाने गेलेले पट्टे दिसत होते. एक पट्टा मक्याच्या धसकटांचा, पिवळा. त्याच्या खालचा लसूणघासाचा, हिरवा. पुन्हा पिवळा. सगळे समतल रेषेत.

व्याह्यांनी त्याची हकीकत सांगितली. त्यांच्या पूर्वजांनी डोंगर उभा नांगरला, उतारावर बेसुमार गुरे चारली. माती वाहून गेली आणि माणूस उभा राहील एवढ्या घळी पडल्या. मग १९३३ साली सरकारने हेच खोरे देशातल्या पहिल्या पाणलोट प्रकल्पासाठी निवडले. समतल पट्टे पाडले, बांध घातले, चढाच्या जागी झाडे लावून गुरे बंद केली. वाचकहो, पाणलोटाच्या कामात माझी उमर गेली. तिथे उभा असताना परका मुलूख आहे असे वाटेना. सहा वर्षे ज्या माणसाशी मी फोनवर एक शब्दही बोललो नव्हतो, त्या व्याह्यांशी माझे पहिले बोलणे झाले ते बांधबंदिस्तीवर. माझे इंग्रजी कचेरीपुरते. पण मातीविषयी बोलायला ते पुरले.

आम्ही पोहोचलो आणि दोनच दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, वसुबारस आली. गोठ्यात सत्तरएक काळ्यापांढऱ्या होल्स्टीन गाई. आपल्याकडे संकरासाठी ज्यांचे रेत आणतात त्याच जातीच्या. लेकीने हळदकुंकू, निरांजन आणि नैवेद्य घेतला. झेंडूची माळ मात्र सुकलेली होती. तिथे नोव्हेंबरात पाणी गोठते आणि फूल म्हणून उरत नाही. म्हणून थंडीपूर्वीच तिने परड्यातला झेंडू ओवून ठेवला होता.

अडचण वेगळीच निघाली. वसुबारसेला गाय हवी ती पाडसासह. तिथल्या धंद्यात वासरू जन्मले की लवकरच आईपासून वेगळे करतात. प्रत्येक वासराचे लहानसे घरकुल असते आणि त्यात त्याला बाटलीने दूध पाजतात. त्याची कारणे मला ठाऊक आहेत. आपल्याकडचे काही मोठे गोठेवालेही आता तसे करतात. लेक म्हणाली, "बाबा, दरवर्षी मी नुसत्या गाईचीच पूजा करते." व्याही दाराशी उभे होते. त्यांनी विचारले, काय कमी आहे? लेकीने सांगितले. ते काही न बोलता बाहेर गेले आणि त्या दिवशी पहाटे जन्मलेली कालवड दोन्ही हातांवर उचलून घेऊन आले. आईपाशी ठेवताच ती डुचमळत उभी राहिली आणि आचळाला लागली. गाईने तिला चाटायला सुरुवात केली. सौ.ने दोघींच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले.

पूजा झाल्यावर व्याही म्हणाले, "माझे आजोबा नाताळच्या आदल्या रात्री गुरांना जास्तीचा चारा घालीत, आणि पाखरांसाठी ओटची पेंढी काठीला बांधून अंगणात उभी करीत. ते नॉर्वेहून आलेल्यांचे नातू. वडिलांच्या काळात ते राहून गेले." एवढे बोलून ते दूध काढायच्या कामाला लागले. मी कालवडीकडे पाहत उभा राहिलो. पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे बैलाला पुरणपोळी देतात. त्या माणसाच्या आजोबांना ते समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

१२ नोव्हेंबरला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले. पहाटे चार वर्षांच्या नातवाला उटणे लावले. सौ.चे माहेर कोकणातले. अंघोळीच्या आधी पायाने कारीट फोडायची तिच्याकडे चाल. कारीट तिथे कुठले? पण विस्कॉन्सिनमध्ये क्रॅनबेरी नावाचे लाल, आंबट-तुरट फळ अमाप पिकते. अमेरिकेत सर्वांत जास्त तिथेच. नातवाने क्रॅनबेरीच डाव्या अंगठ्याखाली फोडली, जिभेला लावली आणि तोंड वेडेवाकडे केले. नरकासुर मेल्याशी कारण!

दिवस पावणेपाचलाच मावळतो. वाऱ्यात पणत्या टिकेनात. तेव्हा विहीणबाईंनी लोणची-मुरंबे भरायच्या काचेच्या बरण्या आणल्या आणि एकेका बरणीत एकेक पणती ठेवली. फाटकापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी दिवे लागले.

रात्री फराळाला बसलो तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, पहिल्या वर्षी मी शिकागोहून फराळ विकत आणला होता. सगळ्यांनी एकेक घास खाल्ला आणि छान आहे म्हणाले. पुढे काही नाही. दुसऱ्या वर्षी आईने सोऱ्या पाठविला. मी चकल्या केल्या, त्या मोडल्या, तेलात विरघळल्या. मला रडू आले. तेव्हा सासूबाई बाह्या सरसावून शेजारी उभ्या राहिल्या. पीठ सैल झाले आहे, एवढे त्यांना कळले. तेव्हापासून चकलीचा सोऱ्या त्याच फिरवितात." मंडळी, ही गोष्ट नीट ध्यानात धरा. विकतचा सण पाहुण्यासारखा येतो आणि जातो. हाताने केलेला सण घरात राहतो, कारण तो करायला चार हात लागतात आणि ते हात कोणाचेही चालतात.

इथवर सारे गोडच झाले. खरी परीक्षा पुढे होती.

नोव्हेंबरातला चौथा गुरुवार हा अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे आभाराचा दिवस. मुळात हा सुगीचा सण. १६२१ साली प्लिमथ येथे इंग्लंडहून आलेल्या लोकांनी पहिले पीक हाती आल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांबरोबर जेवण केले, त्याची ही आठवण मानतात. मका कसा लावावा, बुडाशी मासळीचे खत कसे घालावे, हे त्या मूळ रहिवाशांनीच शिकविले होते. पुढे त्यांच्याच जमिनी गेल्या. म्हणून त्यांच्यातले कित्येक जण या दिवशी शोक पाळतात, हेही सांगितले पाहिजे. १८६३ साली लिंकन यांनी हा दिवस देशभर पाळावा असे जाहीर केले आणि १९४१ साली चौथा गुरुवार कायद्याने ठरला. त्या दिवशी सारे घर एकत्र जमते आणि ताटात मुख्य मान असतो टर्की नावाच्या मोठ्या पक्ष्याचा.

२०२३ साली तो गुरुवार आला २३ नोव्हेंबरला. पंचांग काढून पाहा, त्याच दिवशी कार्तिकी एकादशी होती! माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. इकडे पंढरपूर गजबजलेले असताना मी भाजलेल्या पक्ष्यासमोर बसायचे? मी लेकीला सांगून टाकले, "तुम्ही सगळे जा. मी घरीच हरिपाठ म्हणत बसतो."

ती भांडी विसळीत होती. वळून न पाहताच म्हणाली, "बाबा, लग्नालाही तुम्ही असेच घरी बसला होतात."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. तीस वर्षे मी गावोगाव सांगत हिंडलो की नवे वाण घ्या, भिऊ नका, आधी एका वाफ्यात लावून पाहा. आणि स्वतःच्या घरात मी वाफाभर जागाही दिली नव्हती.

गुरुवारी मी गेलो. जेवण होते व्याह्यांच्या मातोश्रींच्या घरी, त्याच शेतावरच्या जुन्या घरात. वय ८६, पाठ वाकलेली, पण स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. बाविसेक माणसे जमली होती. त्या आठवड्यात तिथे हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो, आणि चुकून गोळी लागू नये म्हणून शिकारी भडक नारिंगी कपडे घालतात. लांबून चार-पाच जण टेकडी उतरताना दिसले तेव्हा क्षणभर मला दिंडीचाच भास झाला. जवळ आल्यावर खांद्यावरच्या बंदुका दिसल्या. मी मनातल्या मनात पांडुरंगाची क्षमा मागितली आणि हसू दाबले.

मेजाच्या एका टोकाला एक थाळी कापडाने झाकून ठेवली होती. आजीबाईंनी ती माझ्यासमोर उघडली. सालासकट भाजलेली रताळी, उकडलेले बटाटे, भाजलेल्या शेंगा. उपवासाला काय चालते ते त्यांनी नातसुनेला आधीच फोन करून विचारून घेतले होते. तिथे रताळ्यावर मार्शमेलो नावाची साखरेची फेसाळ वडी पसरतात. तिच्यात जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटीन असते. म्हणून माझी रताळी त्यांनी वेगळ्या भांड्यात, वेगळी भाजली होती. सौ.ने साबुदाण्याची खिचडी करून आणली होती, ती शेजारी आली. टर्की मेजाच्या दुसऱ्या टोकाला होती. माझे मन कचरले नाही असे म्हणणार नाही. पण जागेवरून उठलो नाही.

जेवणापूर्वी प्रत्येकाने आपण कशासाठी आभारी आहोत ते सांगायचे, अशी त्यांच्या घरची रीत. कोणी पावसासाठी, कोणी शस्त्रक्रिया निभावल्याबद्दल, नातवाने कालवडीसाठी आभार मानले. माझी पाळी आली. काय बोलावे सुचेना. ताटाकडे पाहिले आणि एकाएकी जे मी पुस्तकात शिकलो होतो ते डोळ्यांसमोर आले.

मी म्हणालो, "हे आमच्या एकादशीचे ताट. आमच्या खेड्यात याच्याइतके सोवळे अन्न नाही. पण रताळे, बटाटा, भुईमूग, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कसावा आणि खिचडीतली मिरची, ही पाचही पिके मूळची अमेरिका खंडातली. १४९२ नंतर गलबतांतून जगभर गेली. सीतामाईचे नाव दिलेले सीताफळ तिकडचेच. दसऱ्याला आम्ही दारावर बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. माझ्या पूर्वजांनी या साऱ्यांना घरात घेतले, उपवासाला बसविले, देवाला वाहिले. मला मात्र माझ्या मुलीने निवडलेल्या माणसाला घरात घ्यायला सहा वर्षे लागली. ज्यांनी तोवर माझ्या मुलीला सांभाळले, त्यांचा मी आभारी आहे."

कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. ते बरेच झाले. जावयाने माझ्या पेल्यात पाणी ओतले. लेक नातवाच्या गळ्यातला रुमाल नीट करीत राहिली, तो नीट असतानाही.

जेवणानंतर आजीबाईंनी आम्हांला स्वयंपाकघरात नेले. नाताळसाठी त्यांचे लेफ्से करणे सुरू होते. उकडलेला बटाटा आणि पीठ मळून खोबणीच्या लाटण्याने पातळ लाटतात, मोठ्या सपाट तव्यावर भाजतात आणि लांब काठीने उलटतात. वर लोणी आणि साखर. म्हणजे आपली तूपसाखरेची पोळीच! सौ.ने न विचारता लाटणे हाती घेतले. आजीबाईंनी पोळी पाहिली आणि काठी तिच्या हाती दिली. मी एकादशीमुळे चाखली नाही. दुसऱ्या दिवशी दोन खाल्ल्या.

लाटता लाटता आजीबाई बोलल्या ते मला विसरता येत नाही. "माझ्या आईच्या घरी नॉर्वेची भाषा बोलत. आम्हां मुलांना ती शिकविली नाही. इथले व्हा म्हणाले. आता मला त्या भाषेत देवाची प्रार्थना तेवढी येते, आणि हे लेफ्से येते. बाकी गेले." मग नातवाकडे पाहून माझ्या लेकीला म्हणाल्या, "तू याच्याशी तुझ्या भाषेत बोल. मला कळले नाही तरी चालेल."

वाचकहो, इथे मी तुमच्यापासून काही लपविणार नाही. माझा नातू मला 'आजोबा' म्हणतो, 'दूध दे', 'चल' म्हणतो. पण रागावला, घाबरला की इंग्रजीत बोलतो. त्याची मुले कोणत्या भाषेत रागावतील हे सांगायला ज्योतिषी नको. दोन घरांचे सण एका घरात नांदू शकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले. भाषेचे तसे नाही. तिला रोज पाणी लागते. परतल्यापासून मी दर रविवारी फोनवर नातवाला एक गोष्ट सांगतो. कधी ऐकतो, कधी पळून जातो. मी सांगत राहतो.

दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, तुळशीचे लग्न लावले. तुळस घरातच, दक्षिणेच्या खिडकीत कुंडीत. बाहेर एका रात्रीत करपून जाईल. मांडवाला ऊस हवा, तो नव्हता. व्याह्यांनी दारात शोभेला बांधलेली मक्याची चार धाटे सोडून आणली आणि कुंडीभोवती उभी केली. विहीणबाईंनी एक बाजू आणि जावयाने दुसरी बाजू धरून अंतरपाट केला. सौ. म्हणाली, "अहो, मंगलाष्टके तुम्हीच म्हणा."

मी म्हटली. घसा दोनदा दाटला. तुळशीला घरची लेक समजून तिचे लग्न लावायचे असते, हे तुम्हांला सांगायला नको. अक्षता टाकताना मी तुळशीवर टाकल्या, आणि मूठभर मागे वळून लेक-जावयाच्या डोक्यावर टाकल्या. सहा वर्षे उशिरा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातल्या मुलामुलीने उद्या परप्रांतात, परदेशात घर मांडले, तर माझ्या अनुभवाचे चार शब्द लक्षात ठेवा. लग्नाला जा. राग असला तरी जा. राग नंतरही करता येतो, लग्न पुन्हा लागत नाही. फराळाचा डबा पाठवा, पण त्याबरोबर सोऱ्या पाठवा आणि भाजणीचे प्रमाण स्वतःच्या अक्षरात लिहून द्या. नातवंडांशी आपल्या भाषेत बोला, त्यांनी उत्तर दुसऱ्या भाषेत दिले तरी. तिकडच्या घरची रीत आधी विचारा, मग आपली सांगा. आणि कलम बांधताना आपण काय करतो ते आठवा. खुंट गावठी, काडी दुसऱ्या झाडाची. घट्ट बांधतो आणि मग रोज सोडून पाहत नाही.

परवा गावी गेलो होतो. पारावर तोच प्रश्न आला, "पोरगी दिवाळी करते की नाताळ?" या वेळी मी पाऊसपाण्याकडे वळलो नाही. म्हणालो, "दोन्ही करते. आणि दोन्हीच्या कामाला माणसे कमी पडतात. म्हणून औंदा आम्ही नाताळलाही जाणार आहोत."